कोरसचं नेमकं बिघडलं कुठे? ब्रिटिश स्टील ते पोर्ट टॅलबॉट

रबाळे_परचेस

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं आणि थोडं मशिनिंगचं काम आहे, माल सगळा कळंबोलीतून येतो.

टाटांनी २००७ मध्ये कोरस ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी घेतली तेव्हा इकडे पेढे वाटायचेच बाकी होते. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्या वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉट कारखान्याची शेवटची ब्लास्ट फर्नेस (खनिजापासून लोखंड काढणारी भट्टी) थंड झाली. मधल्या काळात काय झालं हे विचारलं की दोनच उत्तरं मिळतात, "किंमत जास्त मोजली" आणि "चीनने स्वस्त माल ओतला". दोन्ही खरी असतील, पण त्यांनी पोट भरत नाही. कंपनी आतून कधीपासून आणि कशाने पोखरली गेली?

दुसरं, मंदी आली की भट्टी बंद ठेवायची आणि बाजार उठला की पेटवायची, हे त्यांना का जमलं नाही? आमचे हीट ट्रीटमेंटवाले सुट्टीला भट्टी थंड करतात आणि दुसऱ्या दिवशी चालू करतात.

तिसरा प्रश्न स्वार्थाचा. तिकडे आता इलेक्ट्रिक आर्क फर्नेस (विजेने भंगार वितळवणारी भट्टी) बसतेय, इकडेही भंगारापासूनचा माल वाढणार असं ऐकतो. डीप ड्रॉइंगच्या (दाबून खोल आकार द्यायच्या) शीटवर त्याचा परिणाम होतो का? परचेस ऑर्डरमध्ये काय लिहून घ्यावं?

कळंबोली_गाळा

चीन आणि किंमत हे शेवटचे दोन अंक झाले. नाटक बरंच आधी सुरू झालंय.

१९५८ चं उदाहरण घ्या. ब्रिटनला पत्रा बनवणारी एक नवी मोठी स्ट्रिप मिल हवी होती. वेल्सवाले म्हणाले आम्हाला द्या, स्कॉटलंडवाले म्हणाले आम्हाला. पंतप्रधान मॅकमिलन यांनी एका गिरणीच्या दोन केल्या, एक न्यूपोर्टजवळ लॅनवर्नला आणि एक स्कॉटलंडात रेव्हन्सक्रेगला. राजकारणाला सोयीचं, धंद्याला नाही. दोन्हीकडे स्वतंत्र रोलिंग मिल, स्वतंत्र यार्ड, स्वतंत्र मनुष्यबळ, आणि पूर्ण आकाराची एकही नाही. त्यातून लॅनवर्नला खोल पाण्याचं बंदर नाही. पुढे पोर्ट टॅलबॉटला १९७० मध्ये मोठ्या जहाजांचं बंदर झालं, तेव्हा तिथे उतरलेलं लोहखनिज रेल्वेने लॅनवर्नला न्यायचे. रेव्हन्सक्रेगचं खनिज हंटरस्टनला उतरायचं आणि तिथून रेल्वेने आत जायचं. ईशान्य इंग्लंडमधला कन्सेटचा कारखाना तर डोंगरावरच्या गावात, टाइन नदीच्या धक्क्यावरून चढावर गाड्या ओढाव्या लागायच्या.

एक टन कच्च्या लोखंडाला साधारण १.६ टन खनिज लागतं. म्हणजे तयार माल एक टन निघणार असेल तर कारखान्यात दोन टनांच्या वर कच्चा माल हलवायचा. तो जहाजातून थेट यार्डात पडला पाहिजे. आपल्याकडे डोलवीचा पोलाद कारखाना पाहा, धरमतर खाडीत बार्ज लागतात आणि माल तिथेच पट्ट्यावर चढतो. बंदरापासून आत गेलात की प्रत्येक टनामागे भाडं, आणि ते तेजीतही सुटत नाही, मंदीतही नाही.

१९६७ मध्ये सरकारने १४ मोठ्या कंपन्या ताब्यात घेऊन ब्रिटिश स्टील कॉर्पोरेशन केली. कामगार अडीच लाखांच्या वर, देशातलं नव्वद टक्के पोलाद एका छताखाली. १९७० मध्ये ब्रिटनचं उत्पादन २ कोटी ८० लाख टनांच्या घरात होतं, तो त्यांचा कळस. मग १९७३ मध्ये दहा वर्षांची योजना आली. तीन अब्ज पौंड घालायचे, क्षमता साडेतीन कोटी टनांच्या आसपास न्यायची, पाच मोठ्या ठिकाणी काम एकवटायचं (पोर्ट टॅलबॉट, लॅनवर्न, रेव्हन्सक्रेग, स्कन्थॉर्प, टीसाइड) आणि जुनी ठिकाणं मिटवायची. त्याच वर्षी तेलाचे भाव भडकले आणि पोलादाची मागणी बसली. नवी क्षमता बांधणं चालूच राहिलं, जुनी मिटवणं मात्र पुढे ढकललं गेलं, कारण प्रत्येक जुन्या कारखान्याच्या गावाला खासदार होता. दोन्ही बाजूंनी खर्च.

१९८० च्या जानेवारीत पगारावरून देशव्यापी संप झाला, एप्रिलपर्यंत चालला. ग्राहकांनी तेवढ्यात युरोपातून माल मागवायची सवय लावून घेतली, आणि गेलेला ग्राहक पोलादात सहजी परतत नाही. १९७९-८० चा तोटा, कारखाने बंद करण्याचा खर्च धरून, पावणेदोन अब्ज पौंडांच्या वर गेला. त्याच वर्षी इयन मॅकग्रेगर कंपनीचे नवे अध्यक्ष म्हणून आले. १९८० मध्येच कन्सेट बंद, कॉर्बीचं पोलाद बंद, शॉटनचं बंद. १९८० च्या सुरुवातीला दीड लाखाच्या वर असलेले कामगार तीन-चार वर्षांत निम्म्याहून खाली आले. क्रूर होतं, पण त्यामुळेच १९८८ मध्ये शेअर १२५ पेन्सला विकून कंपनी खासगी करता आली, आणि त्या काळात ती युरोपातल्या स्वस्त उत्पादकांपैकी एक होती. हे लोक विसरतात. ब्रिटिश स्टील सरळ रेषेत बुडालेली नाही, मध्ये एकदा चांगली वर आली होती.

पुढे रेव्हन्सक्रेग १९९२ मध्ये गेलं. १९९९ मध्ये डच हूगोव्हेन्सशी विलीन होऊन कोरस झाली, आणि २००१ मध्ये लॅनवर्नच्या ब्लास्ट फर्नेस बंद झाल्या. १९५८ मध्ये वाटून दिलेल्या दोन्ही भाकऱ्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत करपल्या.

शिफ्ट_सी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. हीट ट्रीटमेंटची भट्टी म्हणजे रिकामी खोली, माल बाहेर काढला की आत काही उरत नाही. ब्लास्ट फर्नेस कधीच रिकामी नसते. वरून खनिज आणि कोकचे (भाजलेल्या दगडी कोळशाचे) थर सतत पडत असतात, खालून ट्वियरमधून (वारा आत सोडणाऱ्या नळ्यांतून) हजार ते बाराशे अंशांचा वारा जातो, आणि तळाच्या हार्थमध्ये शेकडो टन द्रव लोखंड व स्लॅग (मळी) कायम साठलेली असते. वारा थांबला की उष्णता बनणं थांबतं, पण भिंतीतल्या कूलरमधून पाणी फिरत राहतं आणि उष्णता ओढत राहतं.

काही तासांचा थांबा रोजचा आहे. काही दिवस थांबायचं तर आधीपासून तयारी लागते, त्याला बँकिंग म्हणतात. थांबण्याच्या आधी खनिज कमी करून कोक जास्त घालतात, म्हणजे तो जादा कोक नेमक्या वेळी खाली ट्वियरच्या पातळीला पोचतो. हार्थमधला माल शक्य तेवढा टॅप करून काढतात, ट्वियर मातीने लिंपून हवा बंद करतात, आणि गळका वाटणारा प्रत्येक कूलर शोधून त्याचं पाणी तोडतात. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. पुन्हा चालू करताना टॅपहोलच्या (लोखंड बाहेर काढायच्या भोकाच्या) वरचे दोन-चार ट्वियरच उघडायचे, ऑक्सिजनच्या लान्सने (लांब नळीने) टॅपहोलपर्यंत वाट वितळवायची, लोखंड वाहायला लागलं की शेजारचा एकेक ट्वियर उघडत जायचं. सगळं सुरळीत झालं तरी पूर्ण उत्पादनाला यायला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि पहिले काही दिवस निघणाऱ्या लोखंडात सिलिकॉन इतकं असतं की कन्व्हर्टरवाले (त्या लोखंडाचं पोलाद करणारे) वैतागतात.

महिनोन्महिने थांबायचं असेल तर हार्थच्या तळाजवळ भोक पाडून उरलेलं लोखंड काढून टाकावं लागतं. ते 'सॅलामँडर' आत गोठलं तर पुढे फोडून काढावं लागतं. कार्बनच्या विटा थंड होऊन आकसल्या की तडे जातात, म्हणजे परत लावायची तर बहुधा नवं अस्तर. पोर्ट टॅलबॉटच्या ४ नंबरच्या फर्नेसची २०१३ मध्ये पूर्ण झालेली पुनर्बांधणी १८.५ कोटी पौंडांची होती. एवढे पैसे घालून पंधरा-वीस वर्षं अखंड चालवायची, असा तो हिशेब असतो.

थंड पडलेल्या हार्थचा धोका किती, हे त्याच कारखान्यात दिसलं. नोव्हेंबर २००१ मध्ये ५ नंबरच्या फर्नेसच्या थंड पाण्याचे पंप विजेच्या बिघाडाने थांबले. कूलर खराब झाले आणि पाणी आत गळायला लागलं, हार्थ गारठला. माणसं ती पूर्ववत आणायच्या खटपटीत असताना ८ तारखेला आतलं पाणी आणि तप्त द्रव्य एकत्र आलं. आतल्या मालासकट सुमारे ५,००० टनांचं ते धूड जोडापासून पाऊण मीटर वर उचललं गेलं. तीन कामगार गेले. कोरसला पुढे १३.३ लाख पौंड दंड झाला. म्हणून बंद-चालू हा शब्द ब्लास्ट फर्नेसवाला सहज वापरत नाही.

कोक ओव्हन (कोळशाचा कोक करणाऱ्या भट्ट्या) तर त्याहून नाजूक. त्यांच्या विटा सिलिकाच्या. साधारण ६००-७०० अंशांच्या खाली आल्या की सिलिकाचे स्फटिक रूप बदलतात, आकारमान बदलतं, भिंत चिरते. एकदा पेटवलेली बॅटरी (ओव्हनची रांग) तीस-चाळीस वर्षं गरमच ठेवायची असते. पोर्ट टॅलबॉटच्या मॉर्फा कोक ओव्हन मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या.

आणखी एक. ब्लास्ट फर्नेस मर्यादेपेक्षा हळू चालवता येत नाही. वारा फार कमी केला की वायू मधोमध किंवा भिंतीकडून पळतो, खनिज नीट तापत नाही, थर अडकून एकदम घसरतात. त्यात तिच्याच वायूवर वारा तापवणारे स्टोव्ह, पॉवर हाउस आणि स्लॅब (ज्यांचा पुढे पत्रा होतो ते पोलादाचे जाड ठोकळे) तापवायच्या भट्ट्या चालतात. फर्नेस ढेपाळली की वीज आणि इंधन बाहेरून विकत घ्यावं लागतं. तेव्हा मंदीत दोनच पर्याय उरतात, तोट्यात पूर्ण चालवा नाहीतर एक फर्नेस कायमची संपवा. दोन फर्नेसचा कारखाना एकीवर आला की उरलेल्या टनांवर सगळा स्थिर खर्च पडतो. तिथून बाहेर येणं अवघड.

रबाळे_परचेस

शिफ्ट_सी, मनापासून धन्यवाद. मग २०१० मध्ये टीसाइडची फर्नेस थांबवून २०१२ मध्ये परत कशी चालू झाली?

शिफ्ट_सी

कारण ती नीट रिकामी करून थांबवली होती आणि विकत घेणाऱ्याने पैसे ओतले. ती म्हणजे रेडकारची फर्नेस, अवाढव्य, दिवसाला १०,००० टनांची. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या फर्नेसपैकी एक होती. अशी फर्नेस पुन्हा पेटते, फुकट पेटत नाही एवढंच.

कळंबोली_गाळा

टीसाइडचा धंद्याचा भागही सांगतो, कारण तिथे धडधडीत चूक दिसते. २००४ मध्ये कोरसने ठरवलं की टीसाइडचे स्लॅब आपल्याला नकोत. मग चार परदेशी खरेदीदारांशी दहा वर्षांचा करार केला, उत्पादनाचा सुमारे ७८ टक्के भाग ते उचलणार. तेजीत झकास. २००९ मध्ये मागणी पडली तसे चौघेही करारातून बाहेर पडले. रोज हजारो टन स्लॅब बनणार आणि घ्यायला कोणी नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये थांबवली, २०११ मध्ये थायलंडच्या एसएसआय या पोलाद कंपनीला ४६.९ कोटी डॉलरला विकली, एप्रिल २०१२ मध्ये पुन्हा पेटली, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये कायमची बंद. स्लॅब हा कोणीही बनवू शकतो असा माल. मंदीत सगळ्यात आधी आणि सगळ्यात खोल त्याचाच भाव पडतो. स्वतःची रोलिंग मिल नसताना नुसत्या स्लॅबवर एवढी मोठी फर्नेस चालवणं म्हणजे दुसऱ्याच्या गिऱ्हाइकावर दुकान मांडणं.

ऐरोली_सीए

आता किमतीचं. ऑक्टोबर २००६ मध्ये टाटांचा पहिला प्रस्ताव शेअरमागे ४५५ पेन्स होता. ब्राझीलची सीएसएन ही पोलाद कंपनी मध्ये पडली, ३१ जानेवारी २००७ च्या पहाटे लिलाव संपला तेव्हा टाटा ६०८ वर आणि सीएसएन ६०३ वर. तीन-साडेतीन महिन्यांत भाव सुमारे चौतीस टक्क्यांनी चढला. एकूण ६ अब्ज पौंडांच्या वर, आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा.

पण आकड्यापेक्षा त्यामागचं गणित पाहा. त्या वेळी कोरस वर्षाला सुमारे १ कोटी ८० लाख टन पोलाद करायची, जमशेदपूर ५० लाख. जमशेदपूरचा नफा येतो स्वतःच्या खाणींतून, नोआमुंडीचं खनिज आणि झरियाचा कोळसा. कोरसकडे एकही खाण नाही. कल्पना अशी की भारतात स्वस्तात स्लॅब बनवायचे आणि युरोपात रोल करायचे. त्यासाठी ओडिशात नवा कारखाना हवा होता. कलिंगनगर सुरू व्हायला २०१५-१६ उजाडलं, तोवर युरोपात स्लॅबला कोण विचारतंय!

२०१० मध्ये खनिजाचे वार्षिक करार मोडून तिमाही भाव आले. आधी वर्षभराचा भाव ठरलेला असायचा, आता खनिज चढलं की तीन महिन्यांत खर्चात दिसायचं. पत्र्याचा भाव मात्र मोटार कंपन्यांशी सहा महिने-वर्षाच्या कराराने बांधलेला. खाण असलेल्याला हा बदल फायद्याचा, नसलेल्याला घातक.

आणि पेन्शन. ब्रिटिश स्टील पेन्शन स्कीमचे सुमारे १,३०,००० सदस्य होते आणि आकार १५ अब्ज पौंडांच्या आसपास. कामावर असलेले मोजके, बाकी निवृत्त किंवा आधीच नोकरी सोडून गेलेले. अडीच लाख माणसांच्या कंपनीचं निवृत्तिवेतन काही हजार माणसांच्या कंपनीने पेलायचं. व्याजदर शून्याकडे गेले की अशा फंडाची देणी कागदावर फुगतात, रोखीत एक पौंड न हलता. २०१७ मध्ये टाटांनी ५५ कोटी पौंड आणि ब्रिटिश कंपनीचा ३३ टक्के हिस्सा देऊन त्यातून सुटका करून घेतली. ते होईपर्यंत कोणी भागीदार जवळ येत नव्हता. नंतर जर्मनीच्या थिसेनक्रुपशी विलीनीकरण ठरलं, तर जून २०१९ मध्ये युरोपियन कमिशनने अडवलं. डब्यांच्या टिनप्लेटमध्ये आणि मोटारींच्या गॅल्वनाइज्ड पत्र्यात स्पर्धा उरणार नाही, हे कारण.

२०१६ मध्ये स्कन्थॉर्प एका पौंडाला गेलं. रेल्वेचे रूळ बनवणारा कारखाना, एक पौंड! नव्या मालकांनी ब्रिटिश स्टील हे जुनं नाव लावलं, २०१९ च्या मेमध्ये ते बुडाले, २०२० मध्ये चीनच्या जिंगयेने घेतलं. १२ एप्रिल २०२५ ला शनिवारी पार्लमेंट बोलावून सरकारला कायदा करावा लागला, कारण कोळसा आणि खनिज वेळेत आलं नसतं तर शेवटच्या दोन फर्नेस गोठल्या असत्या. शिफ्ट_सींनी वर सांगितलंय तेच कारण.

घोडबंदर_मेट

सगळं पटतं, पण एक गोष्ट कोणीच घेतली नाही. त्याच कंपनीचा दुसरा अर्धा भाग, हॉलंडमधलं आयमाउडन, अजून चालू आहे. मालक तेच, १९९९ पासून नाव तेच, चीनही तोच, २००७ चं कर्जही तेच. मग फरक कशाचा?

तिथे सगळं एका जागी आहे. हूगोव्हेन्स १९१८ मध्ये स्थापन झाली, पहिली फर्नेस १९२४ ची. नॉर्थ सी कालव्याच्या तोंडाशी जागा, मोठं जहाज दारात लागतं. दोन ब्लास्ट फर्नेस, स्वतःचा कोक, आणि युरोपात क्वचितच कोणाकडे असतो असा स्वतःचा पेलेट प्लांट. पेलेट प्लांट असला की बारीक, स्वस्त खनिज विकत घेऊन घरी गोळे करता येतात. दोनच फर्नेसमधून वर्षाला सुमारे ७० लाख टन. पोर्ट टॅलबॉटही दोन फर्नेसचंच, पण शेवटच्या वर्षांत त्याच्या निम्म्याच्या आसपास. स्थिर खर्च जवळपास तोच, भागाकार वेगळा.

दुसरं, हूगोव्हेन्सने फर्नेसचं तंत्र स्वतः विकसित केलं आणि जगाला विकलं. गरम वाऱ्याचे स्टोव्ह, हार्थची रचना वगैरे. फर्नेस कशी जगवायची हे ज्ञान घरात होतं.

तिसरं, डच कायद्यात सुपरव्हायझरी बोर्डाला (देखरेख मंडळाला) खरा अधिकार असतो. २००३ मध्ये लंडनच्या व्यवस्थापनाला ॲल्युमिनियमचा धंदा फ्रान्सच्या पेशिने कंपनीला विकून कर्ज फेडायचं होतं, डच बोर्डाने चक्क नाही म्हटलं. लंडनवाले कोर्टात गेले तरी अडलं. ब्रिटनमध्ये असा ब्रेक कोणाकडेच नव्हता. म्हणून माझं मत असं की कोरसची अडचण पोलादाची कमी आणि ठिकाणांची जास्त. टाटांनी २०२१ मध्ये दोन्ही भाग पुन्हा वेगळे केले, ते उगाच नाही.

कळंबोली_गाळा

घोडबंदर_मेट, आयमाउडनचं फार कौतुक नको. कोक ओव्हनच्या धुरावरून शेजारची गावं आणि नियामक त्यांच्या मागे लागलेत, दंड झालेत, आणि कोळशावरून हटायला त्यांनाही सरकारी पैसा लागतोय. टिकलं हे मात्र खरं. ठिकाणांचा मुद्दा मान्य.

वागळे_लॅब

तिसऱ्या प्रश्नावर येतो, कारण रबाळे_परचेसना पैसे तिथे वाचवायचेत.

पोर्ट टॅलबॉटला जी आर्क फर्नेस येतेय ती ३२० टनांची, वर्षाला ३० लाख टनांची, खर्च १.२५ अब्ज पौंड, त्यातले ५० कोटी सरकारचे. भंगार वितळवायला टनामागे ४०० ते ४५० युनिट वीज लागते. वितळवणं सोपं, भंगारात काय येतं ते कठीण. मोटारींचं श्रेडर केलेलं भंगार घेतलं तर वायरी आणि छोट्या मोटरमधलं तांबं आलंच, ०.२ टक्के किंवा वर. लोखंडाच्या आधी तांबं जळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन कितीही फुंकला तरी ते बाहेर निघत नाही. आलं ते राहिलं. कथिलाचंही तसंच.

हॉट रोलिंगच्या तापमानाला पृष्ठभागावरचं लोखंड जळून स्केल होतं, तांबं मागे राहून स्केलखाली साठतं. १,०८५ अंशांच्या वर ते वितळतं आणि कणांच्या सीमांमधून आत शिरतं. मग रोल होताना पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारख्या भेगा. कथिल असेल तर अजून वाईट, निकेल असेल तर थोडं सावरतं. म्हणून सळईला ०.४ टक्के तांबं चालून जातं, पण मोटारीच्या बाहेरच्या डीप ड्रॉ पत्र्याला ०.०६ च्या आत लागतं. उपाय एकच, पातळ करणं. प्रेस शॉपची स्वच्छ कात्रण, पिग आयर्न (ब्लास्ट फर्नेसचं कच्चं लोखंड) किंवा स्पंज आयर्न (खनिज न वितळवता काढलेलं लोखंड) मिसळायचं. डोलवीला फर्नेसचं गरम लोखंड आणि गॅसवरचं स्पंज आयर्न दोन्ही घालतात, त्यामुळे 'इलेक्ट्रिकचा माल' म्हणून सगळ्यांना एका तराजूत तोलू नका.

तुमच्या कामाला मात्र तांब्यापेक्षा नायट्रोजन जास्त छळेल. तुम्ही थंड प्रेस करता, गरम नाही. कन्व्हर्टरच्या पोलादात नायट्रोजन साधारण २० ते ४० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), आर्क फर्नेसच्या पोलादात ६० ते ९० सहज, कारण आर्कमध्ये हवेतला नायट्रोजन फुटून द्रवात विरतो. मोकळा नायट्रोजन असलेला पत्रा गोदामात पडून राहिला की कडक होत जातो. घेतला तेव्हा छान दबला, दोन-तीन महिन्यांनी त्याच कॉइलवर ड्रॉ केल्यावर लाटांसारख्या रेषा उठतात, किंवा कोपरा फाटतो. डायवाल्याला दोष देऊन उपयोग नसतो.

ऑर्डरमध्ये असं लिहा. आयएस ५१३ आणि त्यातली नेमकी ग्रेड, नुसतं 'सीआर शीट' नको. डीप ड्रॉला ॲल्युमिनियम किल्ड (ॲल्युमिनियम घालून ऑक्सिजन काढलेलं पोलाद), ॲल्युमिनियम किमान ०.०२ टक्के, कारण ते नायट्रोजनला बांधून ठेवतं. नायट्रोजन कमाल ६० पीपीएम, तांबं कमाल ०.१०, कथिलाचा आकडा सर्टिफिकेटवर छापलेला हवाच. साध्या बेंडिंगच्या कव्हरला तांबं ०.२० पर्यंत चालेल, तिथे उगाच महाग माल घेऊ नका. सर्टिफिकेट हीट नंबरवार (भट्टीच्या प्रत्येक घाण्याच्या क्रमांकाप्रमाणे), आणि तो नंबर कॉइलच्या टॅगशी स्वतः जुळवून घ्यायचा. कळंबोलीत कॉइल (पत्र्याची गुंडाळी) स्लिट होऊन, म्हणजे पट्ट्यांत कापून येते तेव्हा टॅग बहुतेक वेळा मूळ कॉइलवरच राहतो, म्हणून स्लिटिंगच्या आधीचा टॅगचा फोटो मागा. मोठा लॉट असेल तर एरिक्सन कप टेस्ट (पत्रा फाटेपर्यंत दाबून किती खोल जातो ते पाहणं) करून घ्या, स्वस्त आहे आणि खोटं बोलत नाही. नायट्रोजन तपासायचा तर साध्या स्पेक्ट्रोच्या (ठिणगी पाडून घटक मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यावर विसंबू नका, नमुना वितळवून वायू मोजणाऱ्या ॲनालायझरवर करून मागा.

पत्रा जुना असेलच तर प्रेसला लावायच्या लगेच आधी रोलर लेव्हलरमधून काढा. रेषा बऱ्याच कमी होतात. पण लेव्हल करून पुन्हा आठवडाभर ठेवलात तर केलेलं पाण्यात.

रबाळे_परचेस

हे प्रिंट काढून केबिनमध्ये लावतोय. शेवटचं एक. आमच्या शाफ्टच्या ड्रॉइंगवर पोलादाच्या ग्रेड अजून ईएन८, ईएन२४ अशा असतात. ती ब्रिटिश मालिका ना? तिकडचा कारखानाच गेला तर याचं काय?

वागळे_लॅब

काही नाही. ती बीएस ९७० या ब्रिटिश मानकाची युद्धकाळातली मालिका. १९७० नंतर ब्रिटनने स्वतःच क्रमांक बदलले, ईएन८ चं ०८०एम४०, ईएन२४ चं ८१७एम४०. आपल्याकडच्या वर्कशॉपनी जुनंच धरून ठेवलं आणि इथल्या गिरण्या तो माल वर्षानुवर्षं देतायत, त्यासाठी इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या कारखान्यात कोण काय करतंय याच्याशी संबंध नाही. ईएन १००२५ सारख्या युरोपियन क्रमांकांशीही याचा संबंध नाही, एक्सपोर्टच्या ड्रॉइंगवर हा घोळ होतो.

बाकी रॉदरहॅम-स्टॉक्सब्रिजचं नाव निघालंच म्हणून. कोरसचा तो भाग आधीपासून आर्क फर्नेसवर होता. २०१७ मध्ये लिबर्टी कंपनीला दहा कोटी पौंडांना विकला, २०२१ मध्ये त्यांचा पतपुरवठादार ग्रीनसिल बुडाला, भंगार घ्यायला रोकड नाही म्हणून फर्नेस बराच काळ थंड, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने कंपनी गुंडाळायचा आदेश दिला. तेव्हा आर्क फर्नेस आली की सगळं सुरळीत, असंही नाही.

तुम्ही ऑर्डरमध्ये ईएन२४ सोबत ८१७एम४० लिहा आणि कंडिशन लिहा. 'टी' म्हणजे ८५० ते १,००० मेगापास्कल ताणशक्ती. सगळ्यात नेहमीची फसवणूक म्हणजे ईएन१९ हा स्वस्त माल ईएन२४ म्हणून गळ्यात मारणं, कारण निकेल महाग. कार्बन, क्रोमियम, मॉलिब्डेनम दोन्हीत जवळपास सारखं दिसतं, कडकपणाही येतो. फरक निकेलचा. ईएन२४ मध्ये १.३ ते १.७ टक्के, ईएन१९ मध्ये मुद्दाम घातलेलं काहीच नाही. हातातली एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारं यंत्र) निकेल दोन सेकंदांत दाखवते. कार्बन मात्र ती वाचत नाही, त्यामुळे ईएन८ तपासायला तिचा उपयोग नाही, तिथे स्पेक्ट्रोच करावा लागतो. तुकडा कापण्याआधी बारच्या दोन्ही टोकांना गन लावा, आणि वरचा काळा थर ग्राइंडरने काढून मगच. स्केलवर घेतलेला आकडा काही कामाचा नाही.